जोडीतला दुसरा शब्द

आमच्या पेडगावच्या घरात सांज झाली की दोन आवाज सुरू व्हायचे. पुढच्या पडवीत आप्पांच्या शिकवणीची पोरं ओरडायची आणि मधल्या भिंतीपलीकडे आई भाकरी थापायची. आप्पा म्हणजे माझे वडील. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि दिवसा जे पोरांच्या डोक्यात शिरलं नाही ते सांजच्याला घरी बोलावून शिरवायचे. त्या मधल्या भिंतीत एक आरपार झरोका होता, एकाच दिव्याचा उजेड दोन्हीकडं पडावा म्हणून ठेवलेला. त्यातून चुलीचा धूर पडवीत जायचा आणि इंग्रजी चुलीपाशी यायची. आप्पा जोडीतला पहिला शब्द टाकायचे, आईची थाप पडायची, पोरं दुसरा शब्द उचलायची. "डीपली", थाप, "रिग्रेट!" "बॅडली", थाप, "नीड!" असं ते भाकरी संपेपर्यंत चालायचं. पीठ जास्त मळलं असलं तर शिकवणीही लांबायची, असं मी म्हणायचे आणि आप्पा माझ्यावर डोळे वटारायचे.

या जोड्या हे आप्पांचं वेड होतं. निजामाच्या अमलात त्यांचं शिक्षण उर्दूतून झालेलं. इंग्रजी त्यांनी मिसरूड फुटल्यावर, एकट्यानं, डिक्शनरीतून एकेक शब्द घोकून उचललेली. एकदा परभणीला कुठल्याशा साहेबापुढं त्यांनी "स्ट्राँग रेन" म्हटलं आणि साहेब हसला. पाऊस इंग्रजीत 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' चहा असतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की शब्द एकटा पाठ करायचा नाही. नव्या पोराला ते आधी इंग्रजी सांगायचेच नाहीत. त्याला उभं करायचे आणि म्हणायचे, "ढसाढसा हसून दाखव."

पोरगं गोंधळून इकडंतिकडं बघायचं. "सर, ढसाढसा रडतेत."

"का बरं? हसून बघ की."

"तसं नसतंय सर."

"नसतंय ना? मग खदखदून कोण करतंय?"

"हसतेत सर."

"गटागटा?"

"पितेत!"

"टकामका?"

"बघतेत!"

"आता सांग, हे तुला कुणी शिकवलं? कुणीबी न्हाई. आईच्या मांडीवर ऐकलंस. इंग्रजाच्या लेकरानं तिकडं तसंच ऐकलं. आपल्याला त्याची मांडी मिळाली न्हाई, म्हणून आपण हितं ओरडून ऐकायचं." मग थाप, आणि सुरू. आप्पा 'बॅडली नीड' समजावून सांगायचे ते मला अजून आठवतं. बॅड म्हणजे वाईट, पण इथं वाईट काही नाही, नुसती लय गरज आहे, जीव कासावीस होईल एवढी गरज. पोरं विचारायची, मग वाईट कशाला म्हणायचं? आप्पा म्हणायचे, "आपण 'भयंकर आवडलं' म्हणतो, तवा काय भ्या वाटतं व्हय?"

माझी नात ईशा म्हणते, "आजी, याला कोलोकेशन म्हणतात, आमच्या कोर्समध्ये त्याचा अख्खा चॅप्टर आहे." असू दे बाई. आप्पांना तो शब्द ठाऊक नव्हता, ते जोडीच म्हणायचे. जोडी मोडू नये, हा त्यांचा नियम होता. दुसरा शब्द एकटा म्हटलेला त्यांना खपायचा नाही. "आधी पहिला, मग दुसरा. नवरदेव सोडून वरात निघाली का कवा?"

आणि त्यांची हजेरी. तशी हजेरी मी पुढं कुठल्या शाळेत, कॉलेजात पाहिली नाही. ते नाव पुकारायचेच नाहीत. प्रत्येक पोराला त्यांनी एक जोडी लावून दिलेली होती. आप्पांनी पहिला शब्द पुकारायचा, ज्याचा असेल त्यानं दुसरा म्हणायचा, म्हणजे तो हजर. वाण्याचा शिवलिंग सारखी कशाची ना कशाची शिफारस करायचा, हा गूळ घ्या, तो साबण घ्या, म्हणून तो 'हायली रेकमेंड'. कोपऱ्यात बसून पेंगणारा एक 'फास्ट अस्लीप' होता. त्याला झोपेतही 'अस्लीप' म्हणता यायचं. आणि मी होते 'स्ट्राँगली अपोज'. मला दूध नको असायचं, वेण्या नकोत, नवा फ्रॉक नको, आत्याकडं जायचं नको. कडाडून विरोध. आप्पांनी मला जोडी दिली तेव्हा सगळी पडवी हसली आणि मी म्हणाले, "मला ही जोडी नको." तेव्हा तर आणखी हसले. आप्पा सगळ्यांत शेवटी माझी जोडी पुकारायचे, घरचीच म्हणून.

पण त्या वेळेला मी घरात कुठं असायची! आडावर पाणी शेंदायला गेलेली, नाहीतर मैत्रिणीच्या दारात उभी. आप्पा पुकारायचे, "स्ट्राँगली." पडवीतून उत्तर नाही. मग झरोक्यातून आईचा आवाज यायचा, "अप्पोज!" तिला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, पण कानावर रोज पडून सगळ्या जोड्या तिला पाठ होत्या. 'अपोज'मध्ये एक 'प' तिला कमी वाटायचा, ती दोन घालायची. आप्पांना काय कळत नव्हतं थोडंच, पण ते गंभीर तोंड करून पुढं जायचे. मी कळशी घेऊन परसदारानं यायचे आणि आई मला हळूच सांगायची, "तुजी हाजरी दिलीय बरं का म्या. आता गप जाऊन बस."

एरवी ती मला 'मंगे' म्हणायची. माझं नाव मंगल. दारात उभी राहून ती 'मंगेऽऽ' अशी हाक मारायची की निम्म्या गल्लीला कळावं, मंगीचं काहीतरी चुकलंय. मला त्या हाकेची लाज वाटायची. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्या हाकेवरच येऊन थांबणार आहे.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी मी आडावर होते. मला जे माहीत आहे ते आप्पांनी सांगितलेलं. हजेरी चालली होती. त्यांनी "स्ट्राँगली" म्हटलं आणि झरोक्यातून काही आलं नाही. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी परत म्हटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की भाकरीची थापही बऱ्याच वेळापासून पडलेली नाही. मी आले तेव्हा पोरं पडवीत उभी होती आणि आई चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात परातीत, पिठात तसाच. तोंड एका बाजूला ओढलेलं. तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता. मी आधी तवा उतरवला. लोक नंतर म्हणाले, पोरीचं काळीज बघा, आई पडलीय आणि ही तवा उतरवते. मला दुसरं काही सुचलंच नाही.

परभणीच्या दवाखान्यातून ती परत आली ती उजवी बाजू आणि बोलणं तिकडंच ठेवून. लकव्याचा झटका, डॉक्टर म्हणाले; पाय सुधारेल, हाताचं सांगता येत नाही, बोलण्याचं तर त्याहून सांगता येत नाही. आमचं घर सांभाळायला राणीसावरगावहून माझी आत्या आली, आप्पांची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकरू नाही, आवाज खणखणीत. आल्या आल्या तिनं घराचा ताबा घेतला. मी भाकरी थापायला लागले. धुणं, पाणी, आईला उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं शिकले आणि बिनबोभाट करत राहिले. काय वाटत होतं म्हणून विचाराल तर खरं सांगते, मला काहीच वाटत नव्हतं. थंडीच्या दिवसांत आडाचं पाणी शेंदून बोटं बधिर होतात, चिमटा घेतला तरी आपला वाटत नाही, तसं सगळं आतून झालं होतं. भेटायला आलेल्या बाया माझ्याकडं बघून आत्याला कुजबुजायच्या आणि आत्या म्हणायची, "रडू द्या की न रडू द्या, तुमाला काय करायचंय? चहा घ्या." एवढं मात्र मला त्या बधिरपणातही पक्कं ठाऊक होतं की मला एक गोष्ट हवी आहे. आईनं एकदा 'मंगे' म्हणावं. बाकी ती चालली नाही तरी चालेल.

तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो आत्यामुळं. आमचं घर लिंगायताचं. सकाळी आंघोळ झाली की आत्या आईच्या गळ्यातलं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवायची, विभूती लावायची आणि स्वतः जप म्हणायची. एका सकाळी तिला मध्येच ठसका लागला. "ओम नमः" म्हणून ती खोकायला लागली, आणि आई म्हणाली, "शिवाय." स्वच्छ. जिभेला काही झालंच नाही असं. आत्या खोकायची थांबली. मी दारात कपडे पिळत होते, आप्पा शाळेत निघाले होते, ते चपलांसकट आत आले. आत्यानं परत म्हटलं, "ओम नमः." आई म्हणाली, "शिवाय." आत्या रडायला लागली. आप्पा मात्र आईसमोर उकिडवे बसले, तिच्या तोंडाकडं बघत राहिले आणि हलकेच म्हणाले, "डीपली."

"रिग्रेट," आई म्हणाली.

"बॅडली."

"नीड."

त्या दिवशी आप्पा शाळेत उशिरा गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टरांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, होतं असं. पाठ झालेलं वेगळ्या खणात असतं, ते उरतं. मनातलं सांगायला शब्द जुळवावे लागतात, ते जमत नाही. आप्पांनी यातलं पहिलं वाक्य धरलं आणि दुसरं सोडून दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जोडी उरते ना? मग आपण तिला लागेल ते सगळं जोडीत बसवू. त्याच संध्याकाळपासून आमच्या पडवीत इंग्रजीच्या आधी मराठीच्या जोड्या सुरू झाल्या. आप्पा म्हणायचे, "पाणी", पोरं ओरडायची, "पाहिजे!" "पाठ", "दुखतीय!" "अंगावर", "पांघरा!" वाण्याचा शिवलिंग घसा फाटेपर्यंत झरोक्याकडं तोंड करून ओरडायचा. येणाजाणाऱ्याला वाटायचं, या मास्तरचं बायकोपायी डोकं फिरलं. रोज, न चुकता, सबंध पावसाळा, त्या पोरांनी आमच्या भिंतीला 'पाणी पाहिजे' शिकवलं. भिंत शिकली असेल. आईनं एकही जोडी उचलली नाही. तिला तहान लागली की ती डाव्या हातानं तांब्याकडं बोट करायची, आणि आप्पा पाणी देण्याआधी तिच्यापुढं तांब्या धरून म्हणायचे, "पाणी...?" ती त्यांच्याकडं टकामका बघत राहायची. आत्या ओरडायची, "आरं, आधी पाणी दे तिला, मग शिकव! तहानेनं मारतोस का काय माज्या भावजयीला?"

मीही माझ्या परीनं करून बघितलं. आप्पा घरात नसले की मी तिच्यासमोर बसायचे. "मंगल," म्हणायचे आणि वाट बघायचे. "मंगे, हिकडं...?" ती पूर्वी दिवसातून शंभरदा 'मंगे हिकडं ये' म्हणायची, ते तिनं पुरं करावं असं मला वाटायचं. नाही. ती माझ्या गालाला हात लावायची, माझी वेणी डाव्या हातानं ओढून बघायची, नीट घातली आहे का म्हणून, पण तोंडून काही नाही. 'डीपली' म्हटलं की मात्र 'रिग्रेट'. मला त्या 'रिग्रेट'चा राग यायला लागला. तिच्या तोंडात माझं नाव राहिलं नाही आणि साहेबाचं रिग्रेट राहिलं.

आणि मग ती आपणहून बोलायला लागली. कोणी पहिला शब्द न टाकता. कोणत्याही वेळी, दुपारी बाजेवर पडल्या पडल्या, "अप्पोज." थोड्या वेळानं परत, "अप्पोज." आप्पांचा आनंद काय सांगू! ते म्हणाले, आता सुरुवात झाली, आता आतून यायला लागलं. पण त्यांचा नियम होता ना, दुसरा शब्द एकटा म्हणायचा नाही. ते तिच्याजवळ बसायचे आणि प्रेमानं सांगायचे, "आधी स्ट्राँगली म्हणायचं. स्ट्राँगली अपोज. तुला तर पाठ होतं की." ती त्यांच्याकडं बघायची, मग दाराकडं बघायची आणि म्हणायची, "अप्पोज." "आधी स्ट्राँगली." "अप्पोज!" मी कळशी घेऊन आत येताना हे माझ्या कानावर पडायचं आणि मीही चालता चालता म्हणायचे, "आई, स्ट्राँगली म्हण आधी." ती गप व्हायची. आम्हाला वाटायचं, दमली.

पुढं परभणीला कॉलेजात जायचं ठरलं ते आत्यानं ठरवलं. मी नको म्हणाले नाही. बघा, मी, जी दुधालाही नको म्हणायची. आत्या म्हणाली, "म्या हाय हितं. माजं काय तिकडं लेकरू रडतंय? तू जा, शिक, हितं नुसती बाहुलीवानी फिरायलीस." आप्पांनी ट्रंक बांधली. आईच्या पाया पडले तेव्हा तिनं माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला, कारण एसटी यायची होती. वसतिगृहाच्या खोलीत खिडकीपाशी माझी खाट होती आणि समोर एक पिठाची गिरणी होती, ती दिवसभर चालायची. मी जेवत होते, लेक्चरला बसत होते, परीक्षेत चांगली पास होत होते. कोणाशी भांडण नाही, कोणाशी दोस्ती नाही. मुली मला शांत म्हणायच्या. पेडगावात हे ऐकलं असतं तर लोक खदखदून हसले असते. शनिवारी मी घरी जायचे आणि सोमवारी परत यायचे, आणि दोन्हीकडं मला सारखंच वाटायचं, म्हणजे काहीच वाटायचं नाही.

मध्येच सांगते. परवा ईशानं मला तिच्या मोबाइलवर इंग्रजी टाइप करायला बसवलं. मी 'स्ट्राँगली' लिहिलं तर पुढचा शब्द तो मोबाइलच सुचवायला लागला, खाली ओळीनं तीन शब्द आले, त्यांत 'रेकमेंड' पण होता. आप्पांचं काम आता मशीन करतं. पण माझा शब्द त्यात नव्हता. ईशा म्हणाली, "जास्त वापरला ना आजी, की तोही दाखवेल." मी मोबाइल खाली ठेवला आणि चहा टाकायला उठले. ती म्हणाली, "काय झालं?" काही झालं नव्हतं.

तर एकदा कॉलेजला मध्येच सुट्टी मिळाली आणि मी न कळवता बुधवारी घरी आले. फाट्यावर उतरून चालत आले. दुपारची वेळ होती, आप्पा शाळेतून जेवायला आलेले. मी अंगणात पाऊल टाकलं तेव्हा आतून आईचा आवाज येत होता, "अप्पोज. अप्पोज." मी सवयीनं म्हणणार होते, आधी स्ट्राँगली म्हण. चप्पल काढून आत गेले. आईनं मला पाहिलं आणि ती थांबली. आत्या आमटी वाढत होती, ती पळी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली, आणि मग आप्पांना म्हणाली, "बगितलंस?"

"काय?" आप्पा म्हणाले.

"ही आली आन् तिचं बंद झालं."

"दमली आसंल."

"कशाची दमती! शनवारी ही येती, शनवार-आयतवार तिच्या तोंडून अप्पोजचा अ निघत न्हाई. सोमवारी हिनं फाटा गाठला न्हाई तवर सुरू. सकाळपस्नं दाराकडं बघून अप्पोज, अप्पोज. परवा शेजारची कमळी आली, तिला वाटलं आपल्याला म्हणती, ती जवळ गेली, तर हिनं तोंड फिरिवलं. दारात वाजलं की मान वर, आन् दुसरं कुणी आसलं की मान खाली. मला तुझं विंग्रजी कळत न्हाई बाबा, पर म्या मानसं बगितलेत. ही धडा म्हणत न्हाई. ही कुणाला तरी हाका मारायलीय."

आप्पांचा हात ताटातच राहिला. त्यांना माझ्याआधी कळलं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "अगं, ती तुझी जोडी." एवढंच. मग मलाही कळलं. तिच्या कानात इतकी वर्षं तो शब्द कशासाठी होता? अपोज म्हणजे विरोध हे तिला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मी घरात नसले की तो म्हणायचा, म्हणजे मी असल्यासारखी होते, एवढंच तिला माहीत होतं. 'मंगे' तिच्याकडून हरवलं होतं. मग जे सापडलं त्यानं ती मला हाका मारत होती, महिनोन् महिने, आणि आम्ही दोघं शिकलेले तिला म्हणत होतो, नीट पूर्ण म्हण.

मी तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, "आले गं. अप्पोज आली." तिनं माझा चेहरा एका हातात धरला, वेणी ओढून बघितली आणि वाकड्या तोंडानं हसली. आत्या पदरानं डोळे पुसत होती, आप्पा ताटावरून उठून पडवीत गेले होते. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी वाट बघितली, आलं नाही. मला फक्त भूक लागली, कडकडून, कित्येक महिन्यांत लागली नव्हती तशी. येसराची आमटी आणि भाकरी मी पोटभर खाल्ली आणि आई मला जेवताना बघत बसली.

त्या दिवसानंतर आप्पांनी मराठीच्या जोड्या बंद केल्या. हजेरीत मात्र एक बदल केला. मी परभणीत असले तरी रोज शेवटी ते पुकारायचे, "स्ट्राँगली," आणि झरोक्यातून आई म्हणायची, "अप्पोज." नवी पोरं यायची, ती विचारायची, ही कोण? जुनी पोरं सांगायची, सरांची मंगल, कॉलेजात हाय, पण हजर असते. आत्या सांगायची की हजेरी झाली की आई निवांत जेवायची.

तिला दुसरा झटका आला तो झोपेतच. मी निरोप मिळाल्यावर पोहोचले तेव्हा तिला बसवलेलं होतं. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, विभूती लावून, लिंग हातात देऊन बसवतात, तसंच नेतात आणि तसंच मातीत ठेवतात. ती भिंतीला टेकून बसली होती, त्या दिवशी चुलीपाशी बसली होती तशी. मी तिच्या कपाळावरची विभूती सारखी केली, पदर सारखा केला. गावातल्या बाया गळे काढत होत्या. आत्या मला कवटाळून म्हणत होती, "रड गं बाई, एकदा ढसाढसा रड, मोकळी हो." मी तिच्या खांद्यावर मान ठेवून उभी राहिले आणि मनात आलं, ढसाढसा रडतात, बरोबर आहे, जोडी बरोबर आहे. डोळे कोरडेच होते. बेल वाहिला, मूठ मूठ माती झाली, घरी आलो.

सगळं झाल्यावर आप्पांनी शिकवणी परत सुरू केली. आत्या म्हणाली, "एवढ्यात कशाला?" आप्पा म्हणाले, "घर लय गप झालंय." पोरं आली, हळू आवाजात बसली. मी चुलीपाशी होते, आईच्या जागेवर, तिच्याच परातीत पीठ मळून पहिली भाकरी थापत होते. पलीकडं हजेरी सुरू झाली. 'हायली', 'रेकमेंड'. 'फास्ट', 'अस्लीप'. एकेक जोडी होत गेली आणि शेवटी आप्पा म्हणाले, "स्ट्राँगली."

त्यांच्या तोंडून ते सवयीनं गेलं. मला झरोक्यातून दिसलं, त्यांनी लगेच खाली बघितलं. पोरं हलेनात. माझी थाप थांबली होती. मी उत्तर दिलं, "अप्पोज." दोन 'प' घालून, तिच्यासारखं.

माझी जोडी शेवटची, आप्पांनी आता शिकवणी सुरू करायला हवी होती. हजेरी एकदाच घेतात. पण ते परत म्हणाले, अगदी हळू, "स्ट्राँगली." मी परत म्हणाले, "अप्पोज." आणि म्हणता म्हणता रडायला लागले. ढसाढसा नाही, हमसून हमसून नाही, मुळूमुळू तर नाहीच. कसं म्हणून सांगू? त्या रडण्याला लावायला आप्पांच्याकडं जोडी नव्हती आणि माझ्याकडं आजही नाही. पिठाचे हात तोंडावर धरून मी रडत राहिले. तव्यावर भाकरी करपायला लागली. आत्या आली, तिनं मला जरा सरकवलं, भाकरी उतरवली आणि पुढचा गोळा घेऊन थापायला बसली. पलीकडून आप्पा म्हणाले, "डीपली," आणि पोरांनी आत्याची थाप पडायची वाट बघितली.